मंत्रीसाहेब, सी लिंक राहू दे, आधी आमचा उत्तनचा रस्ता करा

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, निवडणुकीच्या आधी तुम्ही आमच्याकडे सभेला आला होता आणि भर सभेत बोलला होता की भाईंदर ते उत्तन आणि पुढे गोराईपर्यंतचा रस्ता गणपतीच्या आधी गुळगुळीत करून देतो, हा माझा शब्द आहे. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. ते गणपती गेले. मग तुमचा कार्यकर्ता म्हणाला की वेलंकनी मातेच्या सणाला, 8 सप्टेंबरला, बाहेरून एवढी माणसं येतात तर त्याच्या आधी नक्की. मग म्हणाला पाऊस संपला की लगेच, मग नाताळच्या आत, मग आचारसंहिता उठू दे, मग होळीला पालखी निघायच्या आधी. सगळ्या धर्मांच्या तारखा मिळाल्या आमच्या रस्त्याला, डांबर तेवढं मिळालं नाही.

तोपर्यंत मी गप्प होतो. आता गप्प बसवत नाही कारण आता माझ्या आईच्या हातात प्लेट आणि खुब्यात स्क्रू आहेत.

तुम्ही सभेला गाड्यांचा ताफा घेऊन आलात, काचा वर होत्या, म्हणून आधी रस्ता कुठला ते सांगतो. आमचं धारावी बेट, माहीमच्या बाजूची ती धारावी नव्हे. एका अंगाला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मागे मनोरीची खाडी आणि मिठागरं. भाईंदर पश्चिमेहून निघालं की मुर्धा, राई, मोर्वा लागतात, ही आगऱ्यांची गावं, मिठाची नि भाताची. मग डोंगरी, तारोडी. मग उत्तन, पाली, चौक, भाटेबंदर ही आमच्या कोळ्यांची वस्ती. पुढे गोराई, कुळवेम, मनोरी, तिथे कोळी आहेत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत आणि आत पाड्यांवर आदिवासी आहेत. एवढ्या सगळ्यांना जमिनीवरून बाहेर पडायला रस्ता एक. गावातून जातो तिथे ओटल्याला घासून जातो, समोरून बस आली तर रिक्षा कुणाच्या तरी दारात चढते, घरवाली आतून ओरडते, रिक्षावाला हात जोडतो, असं रोज चालतं आणि त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही, गावठाणातला रस्ता अरुंद असणारच. म्हणणं आहे ते खड्ड्यांबद्दल.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते हे तुम्हाला माहीत असेल, नसेल तर शेजारच्या खात्याच्या मंत्र्यांना विचारा. दोन महिने घरात पैसा नसतो, जाळी दुरुस्त करायची, बोटीला रंग मारायचा, डिझेलची उधारी करायची. ऑगस्टला बोटी सुटतात आणि पहिली मासळी येते तेव्हा बायका अंधारातच मार्केटला पळतात, कारण पहिल्या मालाला भाव असतो आणि ओला बोंबील दुपारपर्यंत थांबत नाही. आई पण तशीच निघाली. शेअर रिक्षात कडेला बसली होती, मांडीवर पाटी, पायाशी बर्फाचा डबा. मोर्व्याच्या अलीकडे मिठागराच्या बाजूला वळण आहे तिथे रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. पाणी सपाट दिसतं, खाली काय आहे ते रिक्षावाल्याला काय कळणार, दिवा एक पण लागत नाही तिथे. पुढचं चाक गेलं आत, रिक्षा एका बाजूला कलंडली आणि आई बाहेर फेकली गेली. मागून टेम्पो येत होता, त्याने ब्रेक मारला म्हणून आज मी रस्त्याबद्दल लिहितोय.

मी पोहोचलो तेव्हा ती चिखलात बसलेली, मनगट भलतीकडे वळलेलं, उठता येत नव्हतं, आणि मला म्हणते आधी पाटी बघ. बोंबील सगळे डांबराच्या खडीत पसरलेले, दोन कुत्री त्यावर. एक बाई, ओळख ना पाळख, राईची असावी, ती ओढणीत बोंबील गोळा करत होती आणि धुऊन परत पाटीत टाकत होती. कुणी घेणार नव्हतं ते, तिला पण माहीत होतं.

मग भाईंदरला नेलं. एका ठिकाणी म्हणाले एक्स-रे बंद आहे. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले ऑपरेशन आमच्याकडे होत नाही. तिसऱ्या ठिकाणी आधी डिपॉझिट भरा. आई स्ट्रेचरवर कण्हतेय आणि मी एटीएम शोधतोय. तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या, कोळणीच्या हातातल्या पाटल्या काढणं म्हणजे काय ते तुमच्या घरच्या बायकांना विचारा. डॉक्टर म्हणतात यापुढे डोक्यावर वजन नाही. बावीस वर्षांची होती तेव्हापासून पाटी उचलते ती, आता खिडकीत बसून रस्त्याला शिव्या देते, त्यातल्या काही तुमच्या नावानेही असतात, इथे लिहीत नाही.

तक्रार केली. ॲपवर फोटो टाकला. मेसेज आला की तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. मी तिथे उभा राहून मेसेज वाचत होतो आणि खड्डा समोर होता. परत तक्रार केली तर हा भाग आमच्याकडे येत नाही. कुणाकडे येतो विचारलं तर दुसऱ्या खात्याचं नाव, तिथे गेलो तर म्हणे रस्ता हस्तांतरित झालाय, कधी झाला, कुणाकडे झाला, कागद दाखवा म्हटलं तर साहेब मीटिंगला गेलेत. मीटिंग कसली ते मात्र बाहेरच्या शिपायाने सांगितलं, खड्डेमुक्त रस्त्यांची.

आता बेटाची वाटणी बघा. उत्तन ठाणे जिल्ह्यात, मीरा भाईंदर महापालिकेत. तोच रस्ता पुढे गोराईला गेला की मुंबई उपनगर जिल्हा, मुंबई महापालिका. खासदार वेगळा, कलेक्टर वेगळा, टॅक्सचं बिल वेगळं. समुद्र एक, बोंबील एक, लग्नं एकमेकांत, आमची आत्या गोराईला दिलेली. तिच्याकडे कोण आजारी पडलं तर समोर बोरिवली दिसते, मध्ये फक्त खाडी, फेरीबोटीने थोड्या वेळात पलीकडे. पण बोट रात्री बंद, वादळवारं असलं की बंद. मग पेशंट घेऊन उलटं उत्तनला या, मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदरला जा, हायवेला लागा आणि तिथून परत बोरिवलीला. देशाच्या आर्थिक राजधानीत राहणारी माणसं आहेत ही, कागदोपत्री.

आणि तुम्ही आम्हाला देताय काय, तर सी लिंक. उत्तन ते विरार, सगळे जोडरस्ते धरून पंचावन्न किलोमीटर. पेपरात वाचलं की आधी खर्च 87 हजार कोटी होता, मग लेन कमी केल्या, खांब कमी केले आणि 52 हजार कोटींवर आणला. वा. कागदावर पेन्सिल फिरवून 35 हजार कोटी वाचतात तुमचे आणि मोर्व्याच्या वळणावर चार डंपर खडी टाकायला निधी उपलब्ध नाही असं लेखी उत्तर येतं. मी इंजिनियर नाही पण त्या 87 हजार कोटींचा हजारावा हिस्सा धरला तरी 87 कोटी होतात, त्यात आमचा रस्ता, गटारं, दिवे होऊन वर तुमच्या फोटोचा बोर्ड पण बसेल, चुकत असेन तर तुमच्या सचिवांनी हिशोब करून दाखवावा. आणि ज्या समुद्रात ते खांब उभे राहणार तिथे आमची जाळी लागतात. कोळी विचारतात बोटी जाणार कुठून, डोल जाळं लावायचं कुठे, तर सांगतात नुकसानभरपाईचं धोरण आहे. धोरण तळून खायचं का?

सी लिंक काय पहिलं नाही म्हणा. या बेटावर सगळ्यांचाच डोळा असतो. 1739 ला वसई घ्यायची होती तर चिमाजीआप्पांच्या सैन्याला आधी इथला धारावीचा किल्ला घ्यावा लागला, निदान ते लढून तरी आले. नंतर 1989 ला एस्सेल वर्ल्डचं मनोरंजन पार्क आलं. मग सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होतं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले म्हणून वाचलो. मग गोराई, मनोरी, उत्तन मिळून 43 चौरस किलोमीटर मनोरंजन आणि पर्यटनासाठी राखायचा प्लॅन निघाला, मनोरंजन कुणाचं ते लिहिलं नव्हतं. मनोरीला समुद्राचं पाणी गोड करायचा प्रकल्प, 200 एमएलडी, म्हणजे दिवसाला वीस कोटी लिटर मुंबईला, आणि इकडे उन्हाळ्यात बायका टँकरच्या पाइपावरून भांडतात. मग मेट्रो 9 ची कारशेड. आधी राई-मुर्ध्याला म्हणाले, गावकरी भांडले तर डोंगरीला न्यायचं ठरवलं, झाडं बारा हजार की साडेबारा हजार यावर वाद झाला, डोंगर मात्र एकच आहे. शहराचा कचरा कुठे, धावगीच्या डोंगरावर, आमच्याच डोक्यावर. त्याला आग लागली की धूर खाली बंदरापर्यंत येतो आणि वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलाला तो वास धरतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्या कचऱ्याच्या गाड्या पण याच रस्त्याने येतात बरं का, मोठ्या मोठ्या, भरलेल्या, आणि रस्ता फोडतात. म्हणजे कचरा आमच्याकडे यायला रस्ता चालतो. मासळी बाहेर जायला चालत नाही.

सुट्टीच्या दिवशी गोराई बीचला जाणाऱ्या गाड्या बघा. रिसॉर्टवाले, बाइकवाले, डीजे लावलेले. उत्तन नाक्याला दोन-दोन तास चाक हलत नाही, मयताची गाडी अडकलेली मी पाहिली आहे. चर्चमध्ये फादर वाट बघतायत, घरचे पायी पुढे गेले, शवपेटी मागे जॅममध्ये.

आणि रस्ता करता येत नाही असं पण नाही हो. न्यायाधीश लोकांची अकादमी इथेच आहे, तुमच्या पुढाऱ्यांची शिबिरं भरतात ती प्रबोधिनी पण इथेच केशवसृष्टीत आहे. कुणी मोठं येणार असलं की आदल्या रात्री रोलर येतो, झाडांच्या खोडाला चुना लागतो, सकाळी रस्ता काळाभोर. तेवढाच तुकडा, तेवढ्याच दिवसापुरता. पहिल्या पावसात ती खडी सुटते आणि बाइकवाले तिच्यावरून घसरतात. मग प्रश्न पडतो की आम्ही कोण? तुमच्या मंत्रालयाच्या लेखी आम्ही आहोत का? मतदार यादीत आहोत, तेव्हा तर रिक्षा भरून न्यायला येता. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, डिझेलवर टॅक्स भरतो, आईच्या प्लेटवर पण जीएसटी भरला असेल, बिल नीट वाचलेलं नाही. ठेकेदार तोच, ब्लॅकलिस्ट झाला की बायकोच्या नावाने परत येतो असं नाक्यावरचं पोरगं पण सांगेल, तुम्हाला तेवढं कळत नाही? विरोधात होता तेव्हा याच खड्ड्यात झाड लावून फोटो काढला होता तुमच्या लोकांनी. आता पक्ष कुठला आणि चिन्ह कुठलं हे आमच्या म्हाताऱ्यांना समजेनासं झालंय. झाड पण मेलं ते.

आता मागणं. मोठं काही नाही. रुंदीकरणाच्या नावाखाली मुर्धा, राई, मोर्व्याची घरं पाडायला येऊ नका, त्या लोकांनी कुठे जायचं. आहे तेवढाच रस्ता खालून खणून नीट बांधा, वरून मलम नको. कडेला गटार काढा, पाणी उभं राहतं म्हणून रस्ता फुटतो हे दहावी नापास माणसाला पण कळतं. वळणावर दिवे लावा. गोराईला रात्री पेशंटसाठी एक बोट ठेवा. आणि हे काम मे महिन्यात संपवा, पावसात डांबर ओतून फोटो काढू नका. भरपाई मागत नाही, पाटल्या आम्ही सोडवून घेऊ, बोटीला मासळी लागली तर.

या वर्षी परत सभा घ्यायची असेल तर खुशाल घ्या, गाव पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. फक्त भाईंदर स्टेशनला उतरा आणि शेअर रिक्षाने या, कडेच्या सीटवर बसा. पीएला मध्ये बसवा.

आपला,
उत्तनचा एक मतदार

ता. क. बायपास काढतो म्हणून सांगणार असाल तर मिठागरातून काढू नका. भराव टाकला की उधाणाचं पाणी अडतं आणि ते मोर्व्याच्या घरात शिरेल, मग त्यांचं पत्र येईल तुम्हाला, आणि ते लोक माझ्यासारखं नमस्कार घालून सुरुवात करत नाहीत.