पाय दिवस 14 मार्चला नको, 22 जुलैला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातील काही शाळांनी 14 मार्च रोजी ‘पाय दिवस’ साजरा केल्याचे वृत्त आणि केक कापणाऱ्या मुलांचे छायाचित्र आपल्या दैनिकात पाहिले. हा पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर; त्याची किंमत सुमारे 3.14. गणिताच्या निमित्ताने शाळेत काही उत्साहाचे घडते आहे, याचा आयुष्यभर गणित शिकवलेल्या मला आनंदच झाला. माझी हरकत आहे ती तारखेला.

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यामुळे 14 मार्च ही तारीख तिथे 3.14 अशी वाचता येते, आणि तेवढ्याच आधारावर सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयातील लॅरी शॉ यांनी 1988 मध्ये या दिवसाची सुरुवात केली. केकही तिकडूनच आला आहे. ‘पाय’ नावाचा एक भाजलेला पदार्थ तिथे घरोघरी होतो आणि उच्चार सारखा म्हणून तो त्या दिवशी खातात. पुढे 2019 मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. आइन्स्टाइन यांचा जन्म (1879) आणि स्टीफन हॉकिंग यांचे निधन (2018) याच तारखेचे असल्याने तिला आणखी वजन आले. (मुंबईकरांसाठी ही तारीख वेगळ्याच कारणाने मोलाची आहे: 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या ‘मॅजेस्टिक’मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला.) पण आपण लिहितो 14/3, आणि सातवीतल्या मुलाने 14 ला 3 ने भागले तर उत्तर साडेचारच्याही वर जाते. शिवाय मार्चमध्ये शाळेत परीक्षेखेरीज दुसरा विषय नसतो.

आपल्या पद्धतीने लिहिलेली पायची तारीख 22/7, म्हणजे 22 जुलै आहे. पायची किंमत बावीस सप्तमांश हेच आपण सारे शाळेत घोकलेले आहे, आणि 3.14 पेक्षा ती खऱ्या किमतीच्या अधिक जवळ आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परीघ काढण्याचे दोन गुणक दिले आहेत. 3927/1250 हा सूक्ष्म, तर 22/7 हा स्थूल. परंतु या स्थूल गुणकाला त्यांनी ‘व्यवहारयोग्य’ म्हटले आहे. ज्यांच्या घराण्याची हकिकत चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात आजही वाचता येते, त्या गणित्याने व्यवहारासाठी मान्य केलेली किंमत सोडून आपण अमेरिकेच्या दिनदर्शिकेकडे का पाहावे?

याच तारखेला, 22 जुलै 1947 रोजी, संविधान सभेने तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. हा दिवस शाळांतून जवळजवळ दुर्लक्षितच राहतो. (त्याच दिवशी आंबा दिन असल्याचे संदेशही मोबाइलवर फिरतात, कोकणात तोवर हापूस संपून झाडाखाली कोयी रुजू लागलेल्या असतात.) ध्वज आणि पाय यांचा संबंध मात्र ओढूनताणून आणलेला नाही. पंडित नेहरूंनी मांडलेल्या ध्वजाच्या ठरावातच चक्राचा व्यास पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीच्या जवळपास असावा, असे म्हटले आहे. ध्वजाची उंची 21 सेंटिमीटर घेतली तर लांबी साडेएकतीस आणि प्रत्येक पट्टा 7 सेंटिमीटरचा होतो. पट्ट्याइतकाच व्यास धरून पुठ्ठ्यातून चक्र कापावे आणि त्याच्या कडेने दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. तो 22 सेंटिमीटर भरतो. दोरा ताणला गेला तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि तिथेच ‘अंदाजे किंमत’ म्हणजे काय हे मुलांना फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा लवकर कळते. त्यानंतर कोनमापकाने पंधरा-पंधरा अंशांवर खुणा केल्या की चक्राचे चोवीस आरेही बरोबर बसतात.

जुलैमध्ये शाळा नुकत्याच रुळलेल्या असतात आणि परीक्षा दूर असतात. मुख्याध्यापक संघांनी येत्या जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना 22 जुलैच्या रकान्यात ध्वज आणि पाय अशी दोन्ही नावे लिहावीत, अशी माझी विनंती आहे. साहित्य म्हणून पुठ्ठा, कात्री, पट्टी, कंपासपेटी आणि शिवणाच्या दोऱ्याचे एक रीळ पुरेसे आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक