चौदातले दहा प्रयोग काढून टाक

पुणे, 18 एप्रिल

प्रिय अव्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या साताऱ्याच्या विज्ञान शिबिराचं वेळापत्रक मिळालं. 5 ते 11 मे, रोज सकाळी, चोवीस मुलं आणि चौदा प्रयोग. त्यातले दहा आधी काढून टाक. व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी दोन मिनिटांत आटपतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि खाऊ कधी म्हणून विचारतात. ज्यात हमखास बिघाड होतो आणि तो मुलांना स्वतः शोधता येतो, तेवढंच ठेव. माझ्या मते चार पुरेत: मोटर, सिरिंजची लिफ्ट, आगपेटीच्या काड्यांचे सांगाडे आणि शून्य सावली.

मोटरला दोन सकाळी दे. दर जोडीला टॉर्चचा मोठा सेल, दोन इंची सेफ्टी पिना दोन, सायकलच्या जुन्या ट्यूबचा छल्ला आणि एक काळं फेराइट चुंबक. 24 गेज जाडीची, एनॅमलचा वीजरोधक थर असलेली तांब्याची तार मात्र प्रत्येक मुलाला वेगळी, 1.2 मीटर. ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर घे. मीटरला साधारण सव्वादोन ग्रॅम भरते, म्हणजे निम्मी वाया जाणार असं धरूनही दीडशे ग्रॅममध्ये भागतं. सेल साधे घे, रिचार्जेबल अजिबात नको. वेटोळ्याचा रोध नगण्य असल्यामुळे सेल जवळजवळ शॉर्टच होतो. रिचार्जेबल असेल तर तार चटका बसेल इतकी तापते. साध्या सेललाही वेटोळं अडकून थांबलं की लगेच उचलायची सवय लाव. पिना काळ्या किंवा रंगीत नकोत, त्या रंगातून वीज जात नाही.

तारेचे सेलभोवती दहा वेढे घ्यायचे, वेटोळं अलगद सरकवून काढायचं, टोकं वेढ्यांवर दोनदा आवळून समोरासमोर बाहेर काढायची, प्रत्येकी चार सेंटिमीटर. ट्यूबचा छल्ला सेलवर लांबीच्या बाजूने ताणून पिना दोन्ही टोकांशी दाबून बसवायच्या, गोल भोकं वर. चुंबक सेलच्या पाठीवर. वेटोळं भोकांत ठेवल्यावर चुंबकापासून चार-पाच मिलिमीटर वर राहिलं पाहिजे.

खरी गंमत टोकं घासण्यात आहे. एक टोक पॉलिश पेपरने सगळीकडून घासायचं. दुसऱ्यासाठी वेटोळं उभं धरायचं, टोक टेबलाच्या कडेवर टेकवायचं आणि फक्त वरची बाजू घासायची. यामुळे अर्ध्या फेरीत वीज मिळते आणि उरलेल्या अर्ध्यात वेटोळं वेगावर पुढे जातं. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर ते पाळण्यासारखं मागेपुढे झुलतं, फिरत नाही. वेटोळं आडवं धरून घासलं तर नुसतं थरथरतं, कारण वीज चुकीच्या क्षणी मिळते. अजिबात हललं नाही तर बहुतेक वेळा एनॅमल उरलेलं असतं. त्याचा रंग तांब्यासारखाच असतो, डोळ्यांना कळत नाही. म्हणून दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडून एक टेस्टर टेबलावर ठेव. मुलांनी आधी तिथे तपासायचं, मग तुला हाक मारायची. तोल बघायचा तर चुंबक काढून बोटाने फिरवायचं. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल तर टोकं मध्यातून निघालेली नाहीत. एखाद्या मुलीने तासभर झुंज दिली तरी तार तुझ्या हातात घेऊ नकोस. फार तर विचार, "झुलतंय की थरथरतंय?"

लिफ्ट सोपी आहे. सुई नसलेल्या नव्या सिरिंज, 5 मिली आणि 20 मिली, मध्ये सलाइनच्या सेटची नळी. नळी बसत नसेल तर टोक क्षणभर गरम पाण्यात बुडव. दोन्ही सिरिंज आणि नळी बादलीत बुडवूनच भरायची, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो आणि दट्ट्या दाबला तरी आधी हवाच आक्रसते, लिफ्ट उशिरा उठते. एका जोडीला मुद्दाम बुडबुडा ठेवायला सांग, फरक हाताला कळतो. दोन्ही सिरिंजवर सरकलेले मिलिलिटर आणि सेंटिमीटर मोजून घे. मिलिलिटर सारखेच निघतात, सेंटिमीटर नाहीत. लहान सिरिंज दाबून मोठ्या सिरिंजवरचा मोठा भार का उचलला जातो ते तिथूनच सुटतं. दट्ट्या अडखळत असेल तर ग्लिसरीनचा थेंब घाल.

काड्यांच्या सांगाड्यांबद्दल तुला नवीन काय सांगायचं! टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता 1978 साली टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, तेव्हाचं हे काम. सांध्यांसाठी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे, गूल खरवडलेल्या काड्या. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. गूल तू आधीच काढून ठेव, मुलांवर सोडू नकोस. एवढंच.

आता शून्य सावली. तुझं नशीब बघ, शिबिराच्या तारखांतच साताऱ्याचा दिवस येतोय. सूर्य साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर (म्हणजे उभ्या काठीला सावलीच नाही) साधारण 10 मेला येतो, पुण्याला 13-14 मेला, नागपूरला 26 च्या सुमारास. या दिवसांत सूर्य रोज जेमतेम पाव अंश उत्तरेकडे सरकतो, म्हणजे फूटभर उंच पाइपची सावली एका दिवसाच्या फरकाने सव्वा-दीड मिलिमीटर. ढग आले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी केलंस तरी चालेल. वेळ मात्र चुकवू नकोस. साताऱ्याची खरी मध्यान्ह बाराला नसते, साडेबाराला असते. आपली घड्याळं 82.5 रेखांशावर लावलेली, सातारा 74 वर. अंशामागे चार मिनिटं धरली की 34 होतात, आणि मे महिन्यात सूर्य साडेतीन मिनिटं लवकर येतो. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायला लाव. पीव्हीसी पाइप गवंड्याच्या ओळंब्याने उभा करून घे, कारण एक अंश कलला तर फूटभर पाइपला अर्धा सेंटिमीटर खोटी सावली मिळते. वर सूर्याकडे कुणी बघायचं नाही, हे आधी बजाव.

तुझी ताई नागपूरला आहे ना? त्याच दिवशी तिला 12 वाजून 10 मिनिटांनी गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून सावली मोजायला सांग. सहा सेंटिमीटरच्या आसपास, उत्तरेकडे पडेल. म्हणजे तिथे सूर्य डोक्यावरून साडेतीन अंश कललेला. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर 385 किलोमीटर. नकाशावर अक्षांशाच्या रेषांनी मोजायचं, रस्त्याचं नव्हे. 385 ला 360 ने गुणून 3.5 ने भागलं की पृथ्वीचा परीघ 39,600 किलोमीटर येतो. मान्य परीघ 40,000 च्या जवळ आहे. पण सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट असते, त्यामुळे गडद भागाचं टोक धरायचं की फिकट, यावर पोरं भांडतील. भांडू दे. सेंटिमीटरभर चूक झाली तर उत्तर सहा-सात हजार किलोमीटरनी हलतं, हे त्यांच्याकडूनच काढून घे. ताईला छत्री आणि पाणी घेऊन जायला सांग, नागपूरची मेची दुपार आहे ती.

तार घेतलीस की आधी स्वतः एक वेटोळं करून फिरवून बघ, त्याच तारेच्या गुंडाळीतून आणि त्याच सेलवर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या