एकाच दोराची म्होरकी

प्रिय दोस्ता,

तुझ्या घोडीचे फोटो बघितले, लई देखणं जनावर घेतलंस रे. पण तिची ती पट्ट्याची म्होरकी (तोंडावर घालतो ती) पार नाकपुड्यांजवळ घसरलीय, ती आजच वर घे. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, जे काय ते नाकानंच, आणि नाकाचं हाड खाली खाली पातळ होत जातं. नाकावरचा पट्टा गालाचं हाड संपतं तिथून दोन बोटं खाली, बास, त्याच्या खाली नको.

दोराची गाठींची म्होरकी मागितलीस, ती मी आनंदानं करून देतो. अख्खी एकाच दोराची असते, कडी नाही बक्कल नाही शिलाई नाही, त्यामुळं सगळा खेळ गाठ कुठं बसते त्याचा. मोठ्या घोड्याला सहा मिलीचा दोर सात मीटरच्या आसपास लागतो. मी गच्च विणीचा पॉलिस्टरच वापरतो, नायलॉन ताणला जातो, ओला झाला की अजूनच, आणि मग माप हलतं. घायपाताचा दोर दाव्याला ठीक, तोंडावर कातडी सोलतो.

नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक गाठ, गालावर वर एकेक, घशाखाली एक, आणि हनुवटीखाली फियाडोर नावाची गाठ. ही शेवटची माझी सगळ्यात आवडती. चार पदर एकमेकांत गुंतवून आधी सैलच ठेवायची, मग एकेक पदर थोडा थोडा ओढत फिरत राहायचं, घाई केली की एक पदर दुसऱ्यावर चढतो आणि गाठ वाकडी बसते. नीट बसली की दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, खाली लीड, म्हणजे हातात धरायचा दोर, अडकवायला फास निघतो. आणि प्रत्येक गाठ दोर खाते, एक सरकवली की बाकीच्यांचं माप बदलतं, म्हणून माप आधी पक्कं पाहिजे.

दोर बारीक म्हणून थोडं ओढलं तरी घोडीला कळतं. पण तिनं पाऊल टाकलं की हात लगेच सैल सोडायचा, ती त्या सैल सोडण्यातूनच शिकते. काहीजण नाकावर जादा गाठी मारतात, मला ते पटत नाही, तुझ्या पोरासारख्या नवख्या हातात तर नकोच. आणि ही म्होरकी घालून बांधून ठेवायचं नाही, रानात मोकळं सोडायचं नाही. कुठं अडकली तर दोर तुटत नाही, मान मोडेल.

म्होरकी तोंडावर चढवून बांधताना कानामागून आलेला शेंडा गालाकडच्या फासातून खालून वर काढ, फासाभोवती फिरवून स्वतःच्याच खाली अडकव, टोक डोळ्यापासून लांब, मागं.

माडग्याळी मेंढ्यालाही पाहिजे म्हणतोस, पण घोड्याची लहान करून चालणार नाही. त्याचं नाक बाकदार, पट्टा पुढं घसरतो, त्याला वेगळाच बेत करावा लागेल, पट्टा डोळ्यांच्या जरा जवळ आणि हनुवटीखालचा पदर आखूड. खोंडाला परत तिसरीच, हनुवटीखाली सरकती, ओढली की आवळणारी आणि सोडली की सैल होणारी. आपल्या माण तालुक्यातले मेंढपाळ घोडीवर सगळा संसार लादून कोकणात उतरतात, त्यांच्या घोड्यांची म्होरकी बघ कधी जवळनं, साधी पण बरोबर जागी बसलेली.

तर आता सुतळी घे, घोडीच्या नाकाचा घेर, गालाची लांबी, कानामागून घशाखालपर्यंतचा घेर, आणि मेंढ्याचंही तसंच, मोजून व्हॉट्सॲपवर टाक. रंग पण सांग, माझ्याकडं निळा आणि लाल आहे.

तुझाच दोस्त,
दहिवडी