मुलीच्या औषधाचा ब्रँड न सांगता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ग्लुटेनची नोंद असूनही परस्पर दुसऱ्या कंपनीची गोळी देणे व विचारणा केल्यावर टाळाटाळ

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन तिला चालत नाही. थायरॉइडही कमी आहे, त्यामुळे ती रोज सकाळी उपाशीपोटी लेवोथायरॉक्सिनची गोळी घेते. दोन वर्षं ही गोळी आम्ही तुमच्याच दुकानातून नेत आहोत. सुरुवातीला तिथे ज्या फार्मासिस्ट बाई होत्या, त्यांनी माझ्यासमोर औषध कंपनीला फोन लावला, गोळीतलं स्टार्च कशाचं आहे ते विचारलं आणि मुलीच्या नावापुढे ‘ग्लुटेन चालत नाही, ब्रँड बदलू नये’ अशी नोंद केली. त्या बाईंचे आभार मी आजही मानते.

गेल्या महिन्यात मात्र तुमच्या माणसाने दुसऱ्याच कंपनीची गोळी पिशवीत घातली आणि मला सांगितलंही नाही. ते लक्षात आलं मुलीच्या. ‘आई, आपल्या गोळीवर मधोमध रेघ असते, हिच्यावर नाहीये,’ असं म्हणून ती स्ट्रिप उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचत बसली. तिथे औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारखा, एवढंच होतं. डबा दुकानातच राहिलेला, म्हणजे माहितीपत्रकही तिथेच.

फोन केला तर उत्तर मिळालं, ‘औषध तेच आहे मॅडम, फक्त कंपनी वेगळी.’ तिच्या गोळीत औषध आहे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. गोळीचं बाकी सगळं वजन भरणाचं, म्हणजे गोळी बनवायला घातलेल्या इतर पदार्थांचं असतं आणि प्रत्येक कंपनीचं भरण वेगळं असू शकतं. त्यातलं स्टार्च मक्याचं, बटाट्याचं, टॅपिओकाचं असू शकतं, तसं गव्हाचंही असू शकतं. माझा प्रश्न त्या भरणाबद्दल होता.

दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मलाच विचारलं, ‘गोळीत कुठे गहू असतो?’ मी आग्रह धरल्यावर म्हणाला, ‘एवढ्याशाने काही होत नाही. अंगावर पुरळ आलं तर अ‍ॅलर्जीची गोळी द्या.’ महोदय, हे बोलणं मला फार लागलं. सिलिअ‍ॅक ही पुरळ उठवणारी अ‍ॅलर्जी नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. बाहेरून कधी कधी काहीच दिसत नाही आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीने ते थांबत नाही. अस्तर खराब झालं की ही थायरॉइडची गोळीसुद्धा नीट अंगी लागत नाही.

बहुतेक गोळ्यांत ग्लुटेन नसतं किंवा अगदी नगण्य असतं, हे मलाही माहीत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात म्हटलं आहे की गव्हाचं स्टार्च वापरलं तरी एका गोळीत ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन अपेक्षित नाही. असं काही आधाराने सांगितलं असतं, तर मी बसून ऐकून घेतलं असतं. ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ एवढंही मला चाललं असतं. पण माहीत नसताना ‘काही होत नाही’ म्हणायचा अधिकार त्याला कोणी दिला? ही गोळी तिला रोज घ्यायची आहे, कदाचित जन्मभर.

शेवटी मीच बॅच नंबर लिहून त्या कंपनीला ई-मेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: स्टार्च मक्याचं, गव्हाचा कोणताही घटक नाही. म्हणजे गोळी चालणारी निघाली. पण जुन्या गोळ्या संपल्या होत्या, त्यामुळे ते तीन दिवस मुलगी गोळीविना राहिली. डॉक्टरांनी धीर दिला, तरी रोज सकाळी ती विचारायची, ‘आज पण नाही?’ एक ई-मेल तुमच्या दुकानातून गेला असता, तर ही वेळ आली नसती.

मला पैसे परत नकोत. ती नोंद संगणकात असूनही गोळी देताना कोणी का पाहिली नाही, याचा खुलासा हवा. यापुढे ब्रँड बदलायचा असेल तर पिशवीत घालण्याआधी मला विचारावं आणि माहितीपत्रक सोबत द्यावं. घटकांबद्दल शंका आली तर फार्मासिस्टने स्वतः कंपनीकडे चौकशी करून उत्तर लेखी कळवावं. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सिलिअ‍ॅक म्हणजे काय, हे एकदा नीट समजावून सांगावं. त्या मुलाला कामावरून काढा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याला कोणी शिकवलंच नसेल, तर चूक त्याच्या एकट्याची नाही.

पुढच्या गोळ्या या महिन्याच्या अखेरीस लागतील. त्याआधी आपलं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,
आपली नियमित ग्राहक
(मुलीची आई)