लाकूड की कोळसा? विल्क्स-बॅरीच्या घरातल्या स्टोव्हबद्दल

स्क्रँटन, १८ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पेनसिल्व्हेनियातल्या तुझ्या विल्क्स-बॅरीच्या घरातल्या स्टोव्हमध्ये या हिवाळ्यात लाकूड जाळू की कोळसा, याचं उत्तर आधी देऊन टाकतो. स्टोव्ह कोळशाचा निघाला तर या हिवाळ्यात कोळसाच जाळ. लाकूड आत्ता आणून, फोडून, रचून ठेव. ते कामाला येईल पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी.

पण पैसे खर्च करण्याआधी स्टोव्हच्या पोटात टॉर्च मारून बघ. तळाशी हलणारी लोखंडी जाळी, तिच्याखाली राखेचा ट्रे आणि त्याचं वेगळं दार, दारावर हवा कमीजास्त करायची चकती, हे सगळं असेल तरच तो कोळशाचा. तळ विटांचा, सपाट असेल तर तो निव्वळ लाकडाचा. त्यात कोळसा घालू नको.

कारण समजायला आपली चूल आणि शेगडी आठव. चुलीत लाकूड राखेवर पडून जळतं, हवा समोरून मिळाली तरी भागतं. सुक्या लाकडाचा जवळजवळ ८० टक्के भाग तापला की वायू होऊन वर येतो आणि ज्वाळेत जळतो. शेगडीला मात्र मधे जाळी, खाली तोंड, आणि पंख्याचा वारा घालायचा तो त्या तोंडाशी. इकडच्या अँथ्रासाइटमध्ये, म्हणजे कठीण कोळशात, असे वायू ८ टक्क्यांच्या आत, राख सोडली तर बाकी सगळा कार्बन. तो थराच्या पोटात जळतो, म्हणून हवा खालून थरातून वर यावी लागते. हा दगड घरात पेटत नाही अशीच पूर्वी समजूत होती. तुझ्याच विल्क्स-बॅरीत ११ फेब्रुवारी १८०८ला जेसी फेल यांनी उघड्या लोखंडी जाळीवर, भात्याशिवाय तो पेटवून दाखवला.

आणि कोळसा म्हटल्यावर वणी-चंद्रपूरचा धूर डोळ्यांपुढे आणू नको. तो बिट्युमिनस, म्हणजे मऊ, धुराचा कोळसा. अँथ्रासाइट काचेसारखा चकाकतो आणि धूर जवळपास करतच नाही.

आता हिशेब. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. त्यात साधारण २.५ कोटी बीटीयू (उष्णतेचं इथलं माप) उष्णता. वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमध्येही जवळपास तेवढीच. म्हणून दोन्हीकडचे भाव विचार आणि टनाचा भाव सरळ कॉर्डच्या भावाशी ताडून बघ. फक्त कॉर्ड म्हणजे रचलेली ४ × ४ × ८ फूट थप्पी, १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणून विकतात ती एकच रांग, १६ इंची तुकड्यांची असेल तर कॉर्डचा तिसरा हिस्सा. इथे भलेभले फसतात. जागेचं म्हणशील तर टनभर कोळसा ४० घनफुटांत मावतो.

लाकडाची खरी अडचण ओल. ओक फोडून रचल्यावर वाळायला दोन उन्हाळे धर. विकणारा ‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेलं, म्हणेल; तू एक ओंडका त्याच्यासमोर फोड आणि आतल्या ताज्या बाजूवर ओल मोजायचं मीटर टोच. २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर सोडून दे. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळत बसतं, धूर थंड होतो, आणि धुराड्यात साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली आला की त्याचं डांबर आत चिकटतं. तेच पुढे पेटतं. लाकूड जवळपासचंच घे. पेनसिल्व्हेनियात ॲशच्या झाडांना पोखरणारा किडा आणि स्पॉटेड लँटर्नफ्लाय, दोन्ही सरपणाबरोबर गावोगाव फिरतात.

कोळसा ‘नट’ आकाराचा मागव, सुपारीपासून अक्रोडापर्यंतचे तुकडे. ‘राइस’ हा बारीक प्रकार आपोआप कोळसा सोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या स्टोव्हसाठी. तुझ्या जाळीतून तो गळून जाईल.

पेटवताना घाई नको. कागद, ढलप्या, मग मनगटाएवढी सुकी लाकडं. राखेच्या दाराची चकती पूर्ण उघडी. लाकडाचा चांगला रसरशीत आर झाला की कोळशाचा इंच-दोन इंच थर पसर आणि थांब. तडतड आवाज येईल, मग कोळशावर निळ्या ज्योती नाचायला लागतील. त्या दिसल्या की आणखी एक थर. असं करत आतल्या बाजूंना लावलेल्या विटांच्या कडेपर्यंत भर. अर्धा भरलेला स्टोव्ह टिकत नाही. धग कमी हवी असेल तर हवा कमी कर, कोळसा नको. आणि लवकर पेटावा म्हणून राखेचं दारच उघडं टाकून खोलीबाहेर जाऊ नको, थोड्याच वेळात जाळी लाल होऊन वाकू शकते.

नव्याने भरताना एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेव. सगळं झाकलंस तर कोळशातून निघणारा वायू आत साठतो आणि एकदम भडका होऊन दार उडतं. उघडा कोपरा तो वायू निघताक्षणी पेटवत राहतो.

दर बारा तासांनी राख झाडायची. दांडा छोट्या, झटपट हिसक्यांनी हलव. खालच्या ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांब. कमी झाडलंस तर राखेने हवा कोंडते, जास्त झाडलंस तर विस्तवच खाली येतो. वरून सळईने ढवळू नको, राख वितळून तिचे खडे होतात आणि जाळीत अडकतात. ट्रे रोज रिकामा कर. राख जाळीला टेकली की खालून येणारी गार हवा बंद होते, आणि जाळी वाचते ती त्याच हवेमुळे. विस्तव अगदी मंदावला तर मात्र नवा कोळसा ओतून काही होत नाही. सगळं उपसायचं, पुन्हा कागदापासून सुरू. लाकडात हे दुखणं नाही, चार निखाऱ्यांवर ढलपी टाकली की झालं.

टनामागे शंभरेक किलो राख निघेल. ती भाजीच्या वाफ्यात नको. लाकडाची राख मूठभर चालते.

बाहेर १० अंशांच्या वर गेलं की धुराड्याची ओढ मंदावते आणि कोळसा कुढत जळतो. ऑक्टोबरात आणि एप्रिलात म्हणून सुक्या लाकडाचा छोटा जाळ बरा. धुराच्या नळीवर आपोआप झुलणारी झडप असेल तर ती कोळशापुरती. लाकूड जाळताना ती बंद करून टाक, नाहीतर धूर गार होतो, आणि डांबर पेटलंच तर तीच आगीला हवा पुरवते.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोलीबाहेर हवेतच. या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि अँथ्रासाइटचा धूरही जवळपास नसतो, त्यामुळे तो घरात पसरला तरी तुला कळणार नाही.

मे महिन्यात शेवटचा जाळ विझला की त्याच आठवड्यात नळ्या उतरव, ब्रशने घास, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू. आतल्या राखेत गंधक असतं, उन्हाळ्याच्या दमटपणात त्याचं आम्ल होतं. चांगली नळी जानेवारीत फुटत नाही, ती जुलैत बसल्या जागी गंजते.

स्टोव्हच्या मागच्या बाजूला धातूची पट्टी असेल. तिच्यावर इंधन कोणतं आणि भिंतीपासून किती अंतर ते लिहिलेलं असतं. तिचा फोटो आणि जाळीचाही एक पाठव, मगच कोळसा मागव. पण फार उशीर नको, सप्टेंबर उजाडला की कोळशासाठी गाड्यांची रांग लागते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव