नाना, गिअरबॉक्स उघडण्याआधी ऐकलंत, त्याबद्दल

नाना, सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेले तर "चहा टाका ताई, आभार राहू द्या" म्हणून तुम्ही विषय संपवलात. म्हणून आता चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. आमच्या निफाड भागात द्राक्षांच्या ९ फुटी ओळींतून फिरणारे जुने छोटे ट्रॅक्टर बरेच आहेत. त्यांच्या मालकांनाही याचा उपयोग होईल.

आमचा १८ एचपीचा ट्रॅक्टर ओरडायला लागला तो नेमका ऑक्टोबर छाटणीनंतर. डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) फवारण्या तोंडावर आलेल्या आणि ब्लोअरला, म्हणजे फवारणीच्या यंत्राला, जोडायला दुसरं काही नाही. तुमच्याआधी ज्या गॅरेजवाल्याला दाखवला, त्यानं एक चक्कर मारली आणि माझ्या दिराकडे बघून निकाल दिला: क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी गिअरची जोडी) गेलं, गिअरचा सेटही घेऊन टाका. ट्रॅक्टर रोज मी चालवते. मला त्यानं एक शब्द विचारला नाही.

तुम्ही आलात ते पाना न उचलता. मला सीटवर बसवलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "आवाज बंद कधी होतो?" हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला: घुर्रर्र सुरू. क्लच पूर्ण दाबला की क्षणात शांत. तुम्ही माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलंत, स्वतः डोळे मिटून उभे राहिलात आणि मग म्हणालात, "उभ्या ट्रॅक्टरचं क्राउन फिरतच नाही. जे फिरत नाही ते ओरडेल कसं?"

इतकं साधं. पण या एका वाक्यानं आमच्या खर्चाचा मोठा आकडा खोडला गेला.

पुढचं तुम्ही काम करता करता सांगत गेलात, ते मी वहीत लिहून ठेवलंय. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये आला असता तर त्या गिअरच्या दातांवर. फक्त वळताना आला असता तर डिफरेन्शियलवर, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या भागावर. मग तुम्ही अॅक्सिलरेटर एका जागी ठेवून वेगवेगळ्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवायला लावलात. चाकांचा वेग बदलला तरी आवाजाचा सूर तोच राहिला, म्हणजे तो इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चालला होता. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून मागून पुढे सरकत आलात. क्लचच्या बाजूला, इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपाशी थांबलात. मलाही ऐकवलंत. खरंच, तिथे आत कुणीतरी खडी चाळत होतं.

ड्रेन प्लग उघडला तेव्हा ऑइल दुधाळ निघालं. प्लगच्या लोहचुंबकावर बारीक करडा लेप होता. "हा चालतो, झिजेचा आहे. तुकडे किंवा किस दिसला असता तर दात तुटला म्हणायचं," म्हणालात. पाणी कुठून आलं याचा माग तुम्हीच काढलात. गिअर लिव्हरच्या खालचं रबर फाटलेलं, आणि फवारणीनंतर ट्रॅक्टर गनच्या पाण्यानं धुतला जातो. त्या फटीतून पाणी आत, पाण्यानं गंज, गंजानं बेअरिंग.

ट्रॅक्टर क्लच हाउसिंगपाशी मधून वेगळा केला तेव्हा पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. पण खाली लाकडी ठोकळे आणि स्टँड नीट लागेपर्यंत तुम्ही कुणाला जवळ फिरकू दिलं नाहीत, दिरालाही नाही. बेअरिंग काढून माझ्या हातात दिलंत. फिरवलं तर खरखर, आणि रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या कड्यावर, गंजाचे खड्डे. गिअरचे दात डिझेलनं धुऊन एकेक दाखवलेत. सगळे शाबूत.

शेजारच्या एका शहाण्यानं सुचवलं होतं की जाड ऑइल भरा, आवाज दबेल. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, मॅन्युअल मागितलंत. या ट्रॅक्टरची लिफ्टही त्याच ऑइलवर चालते, तेव्हा पुस्तकात लिहिलंय तेच भरायचं, आणि डिपस्टिकच्या खुणेच्या वर थेंबही नाही. जास्त भरलं तर फेस होतो आणि सील ओलांडून ऑइल क्लच प्लेटवर येतं. हे सांगायला तुमचा चेहरा चांगलाच कडक झाला होता. कुणाचा तरी क्लच असा गेलेला पाहिला असणार.

मजुरी तुम्ही ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतलीत, बेअरिंग, सील आणि ऑइलची पावती वेगळी दिलीत. मला ते फार बरं वाटलं. फुकटात केलं असतंत तर पुढच्या वेळी बोलवायला संकोच वाटला असता.

काही दिवस चालवून ऑइल पुन्हा बघा म्हणाला होतात. बघितलं. रंग स्वच्छ आहे, प्लगवर किस नाही. लिव्हरचं नवं रबर घट्ट बसलंय आणि धुताना त्यावर मी जुनी पिशवी बांधते. ब्लोअर चालू केल्यावर मात्र आता खटखट येतेय. पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारी जोडणी) बंद केला की थांबते, त्याचा शाफ्ट हातानं हलवला तर क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, ढिलाई लागते. नवा क्रॉस पिंपळगावहून मागवलाय. बसवायला तुम्हाला बोलावणार नाही, पण बसवून झाल्यावर एकदा ऐकायला या.

तुमची,
निफाड तालुक्यातली एक द्राक्ष बागायतदार