आकडे नावानिशी द्या

महोदय,

सोयाबीनच्या व्यापाऱ्यांसाठी संकेतस्थळांवरून रोजचे मंडीभाव गोळा करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे संगणक प्रोग्राम, मी लिहिते. मध्यंतरी एका संकेतस्थळाने तक्त्यात नवा रकाना घुसवला आणि किमान भावाच्या जागी आवक उतरू लागली. स्क्रिप्ट बंद पडली असती तर बरं; ती चुकीचे आकडे निमूट देत राहिली. आता डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळाचं एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती मागता येण्याची सोय, वापरते. की, म्हणजे ओळखीचा सांकेतिक क्रमांक, घ्यायची, राज्य आणि शेतमाल सांगायचा. किमान, कमाल, सर्वसाधारण भाव आपापल्या नावानिशी जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मांडणीत, हाती येतात. पानाची रंगरंगोटी कितीही बदलो! इंदूरच्या पाणीपुरवठ्याची, सिटीबसची माहितीही अशीच मिळायला हवी. आणि एपीआय बदलताना जुनी आवृत्ती काही महिने चालू ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रामबाग, इंदूर